साडेआठचा लॅग : दांडिया बाजारातल्या एका घराचं राउटर-प्रकरण

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचं सगळं ठरलेलं होतं. "मामा, आठ अँटेनांचा गेमिंग राउटर बघून ठेवलाय. साडेएकोणीस हजार. बाबा म्हणाले, मामाला विचार आणि मग घे. तू फक्त हो म्हण." मी रविवारी येतो म्हणालो, आणि तोवर काही मागवू नकोस एवढंच सांगितलं.

बडोद्यात दांडिया बाजारात ताईचं सासर आहे. जुनं दुमजली घर, दीड फुटी विटांच्या भिंती. पुढे ओसरी, मग दिवाणखाना, मागे स्वयंपाकघर आणि तिथून माडीवर जाणारा लाकडी जिना. घरात माणसं पाच : ताई, भाऊजी, भाच्याची आजी, भाचा आणि धाकटी भाची. फायबरचं कनेक्शन ५० एमबीपीएसचं, डाउनलोड-अपलोड दोन्ही सारखं. कंपनीने बसवून दिलेली पांढरी डबी दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे आणि भाच्याची खोली माडीवर, घराच्या पार दुसऱ्या टोकाला.

तक्रार लॅगची, म्हणजे खेळ मागे पडून उशिरा प्रतिसाद देण्याची. दिवसभर खेळ बरा चालतो आणि रात्री साडेआठ-पावणेनऊला बिघडतो. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळात समोरचा खेळाडू कोपऱ्यावर दिसतो, गोळी झाडेपर्यंत तो भलतीकडेच पोचलेला असतो. कधीकधी दुपारीही असं होतं, पण क्वचित. या सगळ्याचं खापर घरात आजीवर फुटलं होतं. तिची मालिका आठ ते नऊ, तीही इंटरनेटवरच. मॅच लागली की नातू जिन्यातून हाक मारायचा, "आजी, टीव्ही बंद कर ना गं", आणि ती बंद करायची. ताईने हे मला बोलण्याच्या ओघात सांगितलं, पण मला ते लागलं. महिना-दोन महिने एक म्हातारी बाई रोज आपली मालिका अर्ध्यावर सोडत होती आणि तिच्या टीव्हीचा खरंच त्रास होतो का, हे कोणी एकदाही मोजलेलं नव्हतं.

खेळाला काय लागतं

मोजणीकडे वळण्याआधी एक गोष्ट भाच्याला समजावली, कारण त्याचा सगळा हिशेब एमबीपीएसमध्ये चालला होता. असला खेळ चालू असताना सेकंदाला काही शे किलोबिटच ये-जा करतात. ५० एमबीपीएसच्या लाइनीत ते कुठल्या कुठे बसतात. मोठी लाइन लागते ती खेळाचं अपडेट उतरवताना, जेव्हा एकदम काही जीबी ओढायचे असतात. प्रत्यक्ष खेळताना महत्त्व असतं ते पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या वेळेला, म्हणजे पिंगला. त्याहूनही महत्त्व असतं तो वेळ दर वेळी सारखा असण्याला. पिंग ठाम ४० मिलिसेकंद असेल तर हात त्याला सरावतो. एकदा १८, एकदा ९०, पुन्हा २०, असं चाललं तर कितीही सराव करा, नेम लागत नाही. या चढउताराला जिटर म्हणतात. तिसरी गोष्ट म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेटं.

व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे आणि तो सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती नव्याने मांडतो. म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांना एक नवं चित्र. बडोद्याहून मुंबई रेल्वेने ४०० किलोमीटरच्या आत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ८०० किलोमीटरला ४ मिलिसेकंद. फायबर रेल्वेइतकी सरळ जात नाही, वाटेत यंत्रंही असतात, तेव्हा १५ ते २० मिलिसेकंद धरा. बडोद्यात बसणाऱ्याला मुंबईचा सर्व्हर इतका जवळ आहे. मग रात्री खेळात दिसणारे २५० मिलिसेकंद आले कुठून? अंतरातून तर नक्कीच नाही. ते वाटेत कुठेतरी थांबून राहिल्यामुळे येत होते, आणि कुठे थांबतंय हे कळल्याशिवाय राउटर निवडणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता औषध आणण्यासारखं होतं.

तीन खिडक्या

माझी पद्धत साधी आहे. संगणकावर तीन काळ्या खिडक्या उघडायच्या आणि तिन्हींत एकाच वेळी सलग पिंग लावायचं, म्हणजे पॅकेट पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजत राहायचं. पहिलं घरातल्या डबीला. दुसरं कंपनीच्या जाळ्यातल्या पहिल्या टप्प्याला. तो पत्ता ट्रेसरूट केला, म्हणजे पॅकेटाच्या वाटेवरचे टप्पे दाखवणारी आज्ञा दिली, की दिसतो. तिसरं मुंबईतल्या एखाद्या उत्तर देणाऱ्या सर्व्हरला. खेळाचे सर्व्हर बहुधा साध्या पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून खेळाच्या सेटिंगमधून नेटवर्क आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (हरवलेली पॅकेटं) यांचे आलेख पडद्यावर लावून ठेवायचे. पहिल्या खिडकीतच आकडे उसळले तर दोष घरातल्या वायफायचा. पहिली शांत आणि दुसरी उसळली तर दोष डबी आणि कंपनी यांच्यामधल्या पट्ट्यात. पहिल्या दोन्ही शांत आणि फक्त तिसरी बिघडली तर घरात काहीही बदलून उपयोग नाही. एक काळजी घ्यायची : कंपनीचे मधले राउटर कधीकधी पिंगला उशिराच उत्तर देतात, कारण त्यांच्या लेखी ते दुय्यम काम असतं. दुसरी खिडकी एकटीच उसळली आणि तिसरी शांत राहिली तर तिकडे लक्ष द्यायचं नाही.

रविवारी सकाळी, घर निवांत असताना, भाच्याच्या खोलीतून पहिल्याच खिडकीत आकडे आले ४, ६, ५, ८८, ७, १४२, ५. घरातल्या घरात, वीस-बावीस मीटरवरच्या डबीला. मी खाली उतरलो, माझा लॅपटॉप केबलने थेट डबीला जोडला, तर पहिली खिडकी एकच्या आत आणि तिसरी १६ ते १८. लाइन मुळात छान होती. म्हणजे पहिला दोष सापडला, माडीवरचं वायफाय.

ते का बिघडलं होतं ते बघण्यासारखं आहे. भाच्याचा संगणक टेबलाखाली, भिंतीला चिकटून. त्याच्या पाठीमागे निळ्या यूएसबी खाचेत नखाएवढा वायफाय डोंगल. एका बाजूला लोखंडी कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला दीड फूट वीट. शिवाय निळी खाच म्हणजे यूएसबी ३, आणि यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं, हे जाणकारांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. डोंगल त्याच २.४ पट्ट्यावर बोलत होता. त्यात शेजारपाजारच्या वीस-बावीस घरांची वायफाय तिथेच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वायफायचा स्वभाव असा की एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. जुन्या पेठेत घराला घर लागून असलं की ते थांबणं लांबतं.

हातभर यूएसबी तार घेऊन मी डोंगल टेबलावर आणून ठेवला. उसळ्या निम्म्याने कमी झाल्या. शून्य रुपयांत. भाच्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला.

साडेआठ वाजता

पण दिवसा सापडलेला हा दोष साडेआठचं कोडं सोडवत नव्हता. मी रात्री जेवायलाच थांबलो. लॅपटॉप केबलने डबीला जोडलेला, म्हणजे वायफाय चित्रातून बाहेर. आठ वाजता आजीची मालिका सुरू झाली. तिसरी खिडकी १७, १८, १७. मी आजीला टीव्ही बंद करायला सांगितला, मग चालू, मग बंद. फरक एक-दोन मिलिसेकंदांचा. एचडी मालिकेला साधारण ५ एमबीपीएस पुरतात आणि ती थोडं थोडं उचलून साठवत जाते, सलग ओढत नाही. "आजी, तुमच्या टीव्हीने काही होत नाही. तुम्ही बघा निवांत," म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणतच होते."

आठ बत्तीसला दाराशी स्कूटर थांबली. भाऊजी आले. त्यांचं काम इमारतींच्या दुरुस्तीचं; दिवसभर साइटवर फिरतात आणि प्रत्येक ठिकाणचा व्हिडिओ काढतात, भिंतीची ओल, सळ्या, प्लास्टर, सगळं. त्यांनी चपला काढल्या, फोन ओसरीतल्या फळीवर चार्जिंगला लावला आणि हातपाय धुवायला गेले. दुसरी आणि तिसरी खिडकी : १८, १७, ६४, १३१, २०६, २३८, २४१. वरून भाच्याची हाक आली, "मामा, बघ, सुरू झालं!"

मी भाऊजींना विचारून फोनचं वायफाय बंद केलं. चार-पाच सेकंदांत आकडे परत १८ वर. चालू केलं, पुन्हा २३०. फोनमध्ये फोटो-व्हिडिओची प्रत आपोआप क्लाउडवर चढवण्याची सोय चालू होती, फक्त वायफायवर. दिवसभराचे दोन-तीन जीबी साडेआठला घरी पोचताच सगळे एकदम निघायचे. भाऊजी ओशाळले. मी म्हटलं, "भाऊजी, यात तुमचं काही चुकलेलं नाही. साइटचे व्हिडिओ जपलेच पाहिजेत. लाइनीने ते नीट सांभाळायला हवेत."

इथेच या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

डबीला जेवढं पाठवता येतं त्याहून जास्त सामान आलं की ती ते टाकून देत नाही, साठवून ठेवते, रांग लावते. ५० एमबीपीएसच्या लाइनीवर दीड मेगाबाइटची रांग तुंबली की ती निघायला पाव सेकंद लागतो. खेळाचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं आणि पुढचे सगळे व्हिडिओचे तुकडे गेल्यावरच बाहेर पडतं. फोनची रांग कधी संपत नाही, कारण फोन मागून भरतच असतो. यंत्रांतली स्मृती स्वस्त झाली, तशा या रांगा लांबत गेल्या. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं. उतारा २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडला. त्यांच्या पद्धतीचं नाव कोडेल. रांग किती लांब आहे याकडे ती बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघते, आणि फार वेळ झाला की एखादं पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला इशारा देते. पुढे तिला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली गेली, ती एफक्यू-कोडेल. ती २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालेत आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीच्या ४.१९ या आवृत्तीत केक नावाची तिची पुढची, वापरायला सोपी पिढी आली. हे सगळं फुकट आणि खुलं आहे.

फक्त एक अट आहे, आणि गेमिंग राउटरच्या खोक्यावर ती कधी लिहिलेली मला दिसली नाही. रांग जिथे लाइन अरुंद होते तिथेच लागते. दिवाळीच्या खरेदीला चांपानेर दरवाजाशी गर्दी तुंबते ती दरवाजा अरुंद म्हणून. अलीकडच्या रुंद रस्त्यावर हवालदार उभा करून तिथे शिस्त लावायची म्हटली तर लावायला काही नसतंच, गर्दी पुढे दरवाजाशीच जमते. हवालदाराने दरवाजातून जातील त्यापेक्षा थोडी कमीच माणसं पुढे सोडली, तरच रांग त्याच्यापाशी येते आणि आजारी माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला पुढे काढणं त्याच्या हातात राहतं. राउटरचंही तसंच. लाइन ५० ची असेल तर आपल्या राउटरला ४५-४६ वर बांधायचं. तेवढा वेग सोडून दिला की रांग कंपनीच्या डबीतून निघून आपल्या राउटरमध्ये येते आणि तिथे केक तिची नीट वाटणी करतो. वेग न बांधता नुसतं 'गेमला प्राधान्य' हे बटण दाबलं तर रांग दुसऱ्याच डबीत असते आणि बटणाचा हात तिथवर पोचत नाही.

तिसरा दोष, उत्तरायणाचा

दुपारी क्वचित येणाऱ्या झटक्यांचं मात्र अजून काही उलगडत नव्हतं. लॅपटॉप केबलवर ठेवून मी ५०० पिंग पाठवले, ९ हरवले. वारा पडलेला असताना पुन्हा ५००, एकही नाही. डबीच्या सेटिंगचं पान उघडून येणाऱ्या प्रकाशाची ताकद पाहिली तर उणे २७.४ डीबीएम. हे ताकद मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद. या जातीच्या जीपॉन (घरोघरी फायबर पोचवण्याच्या पद्धतीच्या) डब्यांची सर्वसाधारण सीमा उणे २७ धरतात. म्हणजे डबी अगदी काठावर उभी होती.

कंपनीला तक्रार केली. तिसऱ्या दिवशी लाइनमन आला, गच्चीवर चढला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, वायर दबाई गयो छे!" वर जाऊन पाहिलं. शेजारच्या गच्चीवरून येणारी काळी फायबर आमच्या कठड्याला कोणीतरी पतंगाच्या दोऱ्याने करकचून बांधलेली, आणि गाठीच्या पुढे ती बोटाएवढ्या वळणात दुमडलेली. वाऱ्याने तार हलली की वळण आणखी आवळायचं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन दिवसांत गच्च्यांवर अख्खं गाव असतं, पायात येणारी तार कोणीतरी बाजूला बांधून टाकली असणार. कोणाचा दोष म्हणावा? प्रकाशाला इतकं तीव्र वळण सोसत नाही, तो काचेतून बाहेर सांडतो, हे बांधणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. लाइनमनने तेवढा तुकडा कापून नवा जोड दिला. ताकद उणे २१ वर आली. त्यानंतरच्या १,००० पिंगांत एकही हरवलं नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. या दोषावर जगातला कुठलाच राउटर चालला नसता.

काय काय तोललं

मग आम्ही तिघं, मी, भाऊजी आणि भाचा, सेवउसळ खात हिशेबाला बसलो.

आठ अँटेनांचा राउटर. त्याचा प्रोसेसर दणकट होता यात शंका नाही. पण तो दिवाणखान्यात बसणार, आणि त्याच्या लहरींना माडीवर पोचायला त्याच दोन दीड फुटी भिंती ओलांडायच्या. अँटेना वाढल्या म्हणून वायफायचा दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झचा, वीट फोडत नाही; उलट २.४ पेक्षा तो भिंतीला लवकर हरतो. आणि राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी संगणकाचा डोंगल हळूच बोलणार. संभाषण दोघांचं असतं.

दोन नगांचं मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणारी राउटरांची जोडी, साधारण अकरा हजार. हे भाऊजींना आवडलं होतं, कारण भिंतीला हात लावायचा नव्हता. पण दोन नगांमधला दुवा वायफायचाच असेल तर प्रत्येक पॅकेट दोनदा हवेतून जातं. फोनवर व्हिडिओ बघणाऱ्याला ते चालतं. नेमबाजीच्या खेळाला मी ते सुचवत नाही, निदान मधे अशा भिंती असताना तरी नाही.

विजेच्या तारांतून इंटरनेट नेणारी जोडीही भाच्याने शोधली होती. घराचं वायरिंग जुनं, माडीचं मीटर वेगळं. तो पर्याय तिथेच सोडला.

प्लॅन वाढवून २०० एमबीपीएस करणं. महिन्याला काही शे रुपये जास्त. व्हिडिओ लवकर चढून संपले असते हे खरं, पण चढत असताना रांग लागलीच असती. भाऊजींना कामासाठी हवा असेल तर जरूर घ्यावा, लॅगवर उपाय म्हणून घेऊ नये.

गेमिंगसाठीचं म्हणून सांगितलं जाणारं डीएनएस बदलून बघायचंही सुचवणारे मित्र भाच्याला होते. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून द्यायचं. पत्ता मिळून खेळ सुरू झाला की त्याचा पिंगशी संबंध उरत नाही.

उरला माझा पर्याय : माडीपर्यंत एक केबल, आणि ५० एमबीपीएसवर केक आरामात चालवू शकेल असा मध्यम राउटर. राउटर निवडताना मी चार गोष्टी बघितल्या. ओपन-डब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीची खुली प्रणाली, त्यावर चालते का. प्रोसेसर पुरेसा आहे का, कारण रांगेची वाटणी प्रोसेसर करतो आणि कमकुवत राउटर त्यातच धापा टाकतो. सगळ्या खाचा गिगाबिटच्या आहेत का. वायफाय ६ आणि दोन्ही पट्टे आहेत का. अँटेना मोजल्या नाहीत. सयाजीगंजातल्या दुकानात असा एक ५,६०० रुपयांत मिळाला. पुढे लाइन ३०० ची केली तर हाच राउटर केकसकट तेवढं खेचेल असं मी म्हणणार नाही, तेव्हा यंत्र बदलावं लागेल. भाऊजींना ते स्पष्ट सांगून मगच घेतला.

तार

दीड फुटी भिंतीला भोक पाडायचं म्हटल्यावर ताई म्हणाली, "भिंतीला ड्रिल लावशील तर बघ." तिचंही बरोबर होतं, चुन्यातली जुनी वीट कुठून ढासळेल सांगता येत नाही. वाट आजीने दाखवली. दूरदर्शनच्या काळात गच्चीवरच्या अँटेनाची चपटी तार ज्या भोकातून दिवाणखान्यात यायची, ते जिन्याच्या वर, माळ्याआड, चिंध्या कोंबून बुजवलेलं तसंच होतं. चिंध्या काढल्या, सळईला दोरा बांधून आत सारला आणि दुसऱ्या टोकाने भाच्याने तो ओढला. दोऱ्यामागून केबल आली.

एकंदर २८ मीटर लागली. कॅट ६, आणि आत निखळ तांबं असलेली. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल दुकानदार पुढे करतो, ती घेऊ नका. शंभर मीटरपर्यंत हिच्यावर गिगाबिट चालतं, तेव्हा अंतराची चिंता नव्हती. जिन्याच्या कठड्याखालून प्लास्टिकची पट्टी मारली. विजेची तार जिथे आडवी आली तिथे तिला काटकोनात ओलांडलं, तिच्या सोबतीने केबल धावू दिली नाही.

टोकाला जॅक बसवायचं काम भाच्याला दिलं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. तारा सरळ करून, एका रेषेत कापून, जॅकच्या पारदर्शक नाकापर्यंत भिडवायच्या आणि मग पक्कड दाबायची. पहिल्या खेपेला संगणकाने जोडणी १,००० ऐवजी १०० ची दाखवली. १०० ला आठातल्या चारच तारा लागतात, १,००० ला आठही. भिंगातून जॅक पाहिला तर तपकिरी तार नाकापासून दोन मिलिमीटर मागे राहिली होती. ५० च्या लाइनीला १०० पुरलं असतं, तरी त्याने जॅक कापून पुन्हा बसवला, आणि त्याला तो बसवू द्यावा असं मला वाटलं. दुसऱ्यांदा १,००० आलं.

नव्या राउटरसाठी कंपनीच्या डबीला ब्रिज मोडमध्ये टाकून घेतलं, म्हणजे डबी फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करणार आणि बाकी सगळा कारभार राउटर बघणार. तसं न करता राउटर नुसता डबीमागे जोडला तर पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. त्याने पिंगवर फारसा परिणाम होत नाही, पण मित्रांशी थेट जोडणाऱ्या खेळांत अडचण येते. राउटरवर प्रत्यक्ष लाइन मोजली तर ५१ भरली. दोन्ही दिशांना ४६ वर बांधली आणि केक लावला. हार्डवेअर ऑफलोड नावाची सोय बंद ठेवली. ती चालू असेल तर पॅकेटं प्रोसेसरला वळसा घालून जातात आणि केकच्या हाती काहीच लागत नाही. हे न कळल्यामुळे 'केक लावूनही फरक नाही' म्हणणारे दोघं तरी मला भेटले आहेत.

माडीवर भाची फोनवर बीजीएमआय खेळते, तिला केबलचा उपयोग नाही. घरात एक जुना राउटर पडून होता. त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करून, माडीवरच्या केबलच्या टोकाला एलएएन खाचेत, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत, तो लावला की झाला ॲक्सेस पॉइंट, नुसतं वायफाय देणारं यंत्र. संगणकही त्याच्याच दुसऱ्या खाचेत. खाली ५ गिगाहर्ट्झला चॅनल ३६ आणि वर १४९, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. २.४ वर फक्त दाराचे कॅमेरे आणि जुना प्रिंटर ठेवले, २० मेगाहर्ट्झच्या रुंदीवर.

लाइट गेली की संगणक यूपीएसवर चालायचा आणि डबी मात्र बंद पडायची, म्हणून डबी आणि राउटरला मिळून एक १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला.

खर्च : केबल ८४०, पट्टी आणि खिळे ४६०, जॅक १२०, राउटर ५,६००, छोटा यूपीएस १,४५०. एकूण ८,४७० रुपये.

नंतरचे आकडे

बुधवारी रात्री आठ पस्तीसला मोजलं. भाऊजींचे व्हिडिओ चढताहेत, ताईची ऑफिसची व्हिडिओ-बैठक चालू आहे, आजीची मालिका चालू आहे आणि भाचा माडीवर खेळतो आहे. पिंग १८ ते २२. व्हिडिओ थांबवले तर १७. पॅकेट एकही हरवलं नाही. भाऊजींच्या फोनला आधीपेक्षा काही मिनिटं जास्त लागतात, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. ताई म्हणाली, बैठकीत तिचा आवाज तुटायचा तो थांबला. तिने कधी तक्रारच केली नव्हती. ऑफिसचं नेटच खराब असेल असं धरून चालली होती.

एक मागणी मात्र पुरी झाली नाही. भाच्याला आपल्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर मांडून मित्रांना बोलवायचं होतं. राउटरला कंपनीकडून मिळालेला इंटरनेटवरचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा कंपन्या अनेक घरांना एका सामायिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी वापरतात. अशा पत्त्यावर बाहेरून कोणाला आत येता येत नाही, आणि राउटर कितीही महाग असला तरी ते बदलत नाही. कंपनी महिन्याला वेगळे पैसे घेऊन स्वतंत्र पत्ता देते. तो घ्यायचा की नाही ते भाऊजी आणि भाचा ठरवताहेत. सहामाही परीक्षेनंतर बघू, असं सध्या ठरलंय. व्हॅलोरंटला याची गरज नाही, कारण तिथे सगळे कंपनीच्या सर्व्हरलाच जोडलेले असतात.

गच्चीवरचं कामही राहिलंय. नवा जोड कठड्याच्या कोपऱ्यात उघडाच आहे. लाइनमनला विचारून सहा मीटर पीव्हीसी नळी आणून ठेवली आहे, वळणाला काटकोनी कोपर न लावता मोठ्या गोलाईचा बेंड घेतला आहे. १४ जानेवारीच्या आत तार त्यात घालायची, आणि शेजारच्या गच्चीवरच्या मुलांना एकदा वर नेऊन ती काळी दोरी कशाची आहे ते दाखवायचं. ते काम भाच्याने अंगावर घेतलंय.